दोन पानं वाचणं हेही पूर्ण वाचन आहे

वाचनाबद्दल बोलणं निघालं की लगेच आकडे सुरू होतात. वर्षात किती पुस्तकं झाली, लिस्टमधली किती राहिली, चॅलेंज पूर्ण झालं का. मुलांच्या वाचन उपक्रमातही तेच, वहीत पुस्तकांची नावं वाढत गेली की मोठ्यांना बरं वाटतं. या सगळ्यात एक गोष्ट प्रत्येक जण न बोलताच धरून चाललेला असतो, की पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेलं तरच ते वाचन, बाकी सगळं नुसतं चाळणं. मला हे अजिबात पटत नाही. या एका अटीपायी कितीतरी चांगली, हुशार, उत्सुक माणसं जुन्या थोर साहित्याच्या आणि इतिहासाच्या वाटेलाच जात नाहीत. महाभारत म्हटलं की लाखभर श्लोक डोळ्यासमोर येतात, होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड म्हणजे पंधरा हजारांवर ओळी, इंग्रज इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास म्हणजे सहा जाडजूड खंड, आणि मग माणूस म्हणतो की रिटायर झाल्यावर बघू, आणि ते बघणं काही होत नाही.

माझं म्हणणं असं आहे की अभिजात साहित्यातला किंवा इतिहासातला एक उतारा, अर्धं पान असो नाहीतर दोन पानं, लेखकाच्या स्वतःच्या शब्दांत (किंवा प्रामाणिक भाषांतरात), नीट आणि सावकाश वाचला तर ते पूर्ण वाचन आहे. त्यातला आनंद पूर्ण आहे, त्यातून मिळणारं शहाणपणही खरं आहे, आणि शाळेत, लायब्ररीत, घरात आपण त्याला मानाची जागा द्यायला हवी. पण उतारा म्हणजे काय हे आधी नीट सांगायला हवं कारण हल्ली फोनवर फिरणारं चार शब्दांचं वाक्यही उतारा म्हणून खपतं आणि दहा मिनिटांत पुस्तक समजावणारी समरीसुद्धा. माझ्या लेखी उतारा म्हणजे पुस्तकाचा एवढा तुकडा की ज्यात विचार किंवा भावना निदान एकदा वळते. एका ठिकाणाहून निघते आणि तुम्हाला वाटत नव्हतं अशा ठिकाणी जाऊन पोचते. हे वळण पकडण्यातच सगळी मजा आहे.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासात सातव्या भागात असा एक प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी ४८० साल, इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून निघालाय, अबायडोस गावाशी समुद्राच्या अरुंद पट्ट्यापाशी त्याचं सैन्य पोचलंय. टेकडीवर त्याच्यासाठी पांढऱ्या दगडाचं आसन बांधून ठेवलेलं. तिथे बसून तो खाली बघतो तर सगळं पाणी त्याच्या जहाजांनी झाकलेलं आणि सगळा किनारा त्याच्या माणसांनी भरलेला. तो म्हणतो मी किती भाग्यवान, आणि लगेच त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्याचा काका आर्टाबेनस बाजूलाच असतो, तो चकित होऊन विचारतो की आत्ता स्वतःला भाग्यवान म्हणालास आणि आता रडतोस? झर्क्सिस सांगतो की मनात आलं, ही एवढी माणसं, शंभर वर्षांनी यातला एकही जिवंत नसेल. आता इथे कुणाही साध्या लेखकाने प्रसंग संपवला असता. पण काका म्हणतो, याहून दुःखाची गोष्ट आहे, आयुष्य इतकं थोडं असूनसुद्धा कुठलाच माणूस इतका सुखी नसतो की त्याला एकदा नव्हे अनेकदा जगण्यापेक्षा मरण बरं असं वाटत नाही. आणि यावर झर्क्सिस काय करतो? म्हणतो, हे आता राहू दे, हातात चांगलं काम आहे त्याचं बोलू. आणि सैन्य पुढे निघतं.

सगळा मिळून पाऊण पानाचा मजकूर असेल. पण त्यात गर्व आहे, रडणं आहे, रडण्याहून खोल एक उत्तर आहे आणि मग ते उत्तर बाजूला सारणं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात भेदक तेच आहे, कारण माणसं मरणार म्हणून रडणारा हाच राजा त्याच माणसांना मरायला घेऊन चाललाय आणि त्याला ते कळूनही कळत नाही. आता याची समरी करून बघा. 'झर्क्सिस सैन्य पाहून भावुक झाला व त्याने मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चिंतन केले.' वाक्यात चूक काहीच नाही, आणि उताऱ्यातलं एकही वळण त्यात उरलेलं नाही. म्हणून मला वाटतं की समरी हा उताऱ्याचा धाकटा भाऊसुद्धा नाही, तो उलट्या दिशेचा प्रकार आहे. समरी पूर्ण पुस्तकाबद्दल थोडंसं सांगते, उतारा पुस्तकातला थोडा भाग पूर्ण देतो. आणि ज्याला खरोखर पुस्तकाची चव हवी आहे त्याने कायम दुसरी गोष्ट घ्यावी.

इलियडचं पण बघा. दहा वर्षांचं युद्ध, देव, वीर, नावांच्या याद्या, पहिल्यांदा वाचणारा दमतो हे खरंच आहे. पण सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर थोडा वेळ लढाईतून शहरात येतो आणि वेशीपाशी त्याची बायको अँड्रोमाकी त्याला भेटते, दाईच्या कडेवर लहान मूल. ती त्याला सांगते की माझे वडील आणि सात भाऊ ग्रीकांच्या अकिलिसने मारले, आता माझा बाप तू, आई तू, भाऊ तू आणि नवराही तूच, बाहेर जाऊ नको. तो म्हणतो मला जावंच लागेल, आणि शहर पडणार हेही मला माहीत आहे, तुला कोणीतरी ओढून नेईल तेव्हा मी मातीखाली असलेला बरा. इतकं जड बोलून तो मुलाकडे हात पसरतो, आणि मूल किंचाळून दाईला बिलगतं, कारण बापाच्या शिरस्त्राणावरचा हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा बघून ते घाबरलेलं असतं! आईबाप दोघंही हसतात. तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मुलाला घेतो, पापा घेतो, देवाला म्हणतो की लोकांनी म्हणावं हा बापापेक्षा सरस निघाला. मूल आईकडे देतो आणि ती डोळ्यांत पाणी असताना हसते. मग तो ते शिरस्त्राण उचलतो.

युद्धाबद्दल कितीतरी लिहिलं गेलंय. पण पोराला बापाची भीती वाटते कारण बाप लढाईच्या कपड्यात आहे, आणि बाप दोन मिनिटांसाठी ते उतरवतो आणि पुन्हा चढवतो, याच्यापुढे फार थोडं टिकतं. आणि हे समजायला आधीचे पाच सर्ग वाचलेले असलेच पाहिजेत असं नाही. हेक्टर कोण, ट्रॉय कुठलं, अकिलिस कोण, तीन वाक्यांत सांगता येतं. ज्याला हा भाग भिडला तो बाकीचं वाचेल किंवा नाही वाचणार, पण त्याला इलियड भेटलं नाही असं मी तरी म्हणणार नाही.

गिबनचा उल्लेख वर आला म्हणून त्याचंही सांगतो. सहा खंड लिहायला त्याचं आयुष्यातलं मोठं वय गेलं, पहिला खंड १७७६ चा आणि शेवटचे १७८८ चे. आत्मचरित्रात त्याने शेवटचं पान लिहिलं त्या रात्रीचं वर्णन केलंय. २७ जून १७८७, लोझानमध्ये, बागेतल्या छोट्या घरात, रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान त्याने शेवटच्या ओळी लिहिल्या, लेखणी ठेवली आणि झाडांच्या छायेतल्या वाटेवर फेऱ्या मारल्या, हवा शांत, आभाळ स्वच्छ, तळ्यात चंद्र. आधी सुटल्याचा आनंद, कदाचित कीर्ती मिळेल याचाही. आणि मग लगेच उदासी, कारण इतक्या वर्षांच्या सोबत्याचा कायमचा निरोप घेतल्यासारखं वाटतं, आणि इतिहास कितीही टिकला तरी तो लिहिणाऱ्याचं आयुष्य थोडं आणि बेभरवशाचंच असणार हे लक्षात येतं. हा परिच्छेद वाचायला दोन मिनिटं लागतात. कुठलंही मोठं काम संपवलेल्या माणसाला तो स्वतःचा वाटेल, मग त्याने रोमन सम्राटांची नावं ऐकलेली असोत वा नसोत.

असे दोन उतारे शेजारी ठेवले की आणखी एक गंमत सुरू होते, जी सबंध पुस्तकं वाचताना सहसा होत नाही कारण तिथे मधे शेकडो पानं असतात. झर्क्सिसच्या रडण्याशेजारी महाभारतातला यक्षप्रश्न ठेवा. यक्ष विचारतो जगातलं सगळ्यात मोठं आश्चर्य कुठलं, आणि युधिष्ठिर सांगतो की रोज माणसं यमाच्या घरी जाताना दिसतात तरी मागे राहिलेल्यांना वाटतं आपण कायमचे इथेच. एक जण हे युद्धाला निघताना बोलतोय आणि चालत राहतोय, दुसरा चार भाऊ मरून पडलेले असताना तळ्याकाठी उभा राहून उत्तर देतोय. वेगवेगळे देश, वेगवेगळे ग्रंथ, एकमेकांना माहीतसुद्धा नसलेले. त्यांना शेजारी बसवायचं काम वाचणाऱ्याचं, आणि ते केलं की डोक्यात दिवसभर काहीतरी चालू राहतं, बसमध्ये, कामात, झोपताना. वाचनाचा खरा वेळ पुस्तक मिटल्यावर चालू होतो असं मला वाटतं, आणि त्या दृष्टीने दोन पानांना भरपूर वेळ मिळतो.

इतिहासातल्या उताऱ्यांबाबत मात्र एक जास्तीची अट आहे आणि ती मी फार महत्त्वाची मानतो. उताऱ्याचा पत्ता सोबत हवा. कोणी, कधी, कुठे, कोणासाठी लिहिलं. पत्ता नसलेला इतिहासाचा उतारा मुका तरी होतो नाहीतर खोटं तरी बोलायला लागतो. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती लागलेल्या सावकारी पत्रातला मजकूर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच नाही. १७६१ साल, पानिपत, मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे माहीत नसेल तर हा कुठल्यातरी पेढीचा तोटा आहे. माहीत असेल तर खुर्दा या शब्दापाशी श्वास अडकतो, कारण ती नाव नसलेली हजारो माणसं आहेत.

पत्त्याने काय होतं याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण अशोकाचा तेरावा शिलालेख. आपण शाळेत एका ओळीत शिकतो, कलिंगच्या युद्धानंतर अशोकाला पश्चात्ताप झाला आणि त्याने हिंसा सोडली. पण मूळ लेखाचं भाषांतर वाचा, फार मोठा नाही. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकला, दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली, हे राजा स्वतः दगडावर कोरायला सांगतोय. जिंकलेला राजा! मग तो म्हणतो की ज्यांना स्वतःला काही झालं नाही त्यांचेही मित्र, ओळखीचे, नातेवाईक यात सापडले आणि तेही दुःख त्यांचंच. हे वाचताना आपण हळवे होत असतो आणि तेवढ्यात लेख वळतो, रानातल्या लोकांना सांगतो की राजाला पश्चात्ताप झालाय तरी त्याच्याकडे बळ आहे हे ध्यानात ठेवा, नीट वागा म्हणजे मारले जाणार नाही. म्हणजे करुणा आहे आणि दरारा पण आहे, एकाच लेखात, काही ओळींच्या अंतराने. शाळेतल्या एका ओळीत हा माणूस मावत नाही.

आणि आता पत्ता. हा लेख वायव्येकडे शाहबाजगढीला आहे, उत्तरेला कालसीला आहे, गिरनारला आहे, पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडाला जिथे अशोकाचे बाकीचे लेख कोरलेत तिथे हा तेरावा लेख नाही. त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, त्यात सगळी माणसं माझी लेकरं आहेत असं म्हटलंय आणि अधिकाऱ्यांना नीट वागायच्या सूचना आहेत. का नाही कोरला? ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यासमोर ते आकडे मांडायची लाज वाटली, की नव्याने जिंकलेल्या मुलखात जुनी जखम उघडायची नव्हती, की नुसता कारभाराचा हिशेब? अभ्यासक यावर बोलतात, तुम्हीही विचार करू शकता, आणि मुद्दा हाच आहे की दोन पानांच्या मजकुराने आणि एका नकाशाने साधा वाचक थेट इतिहासकाराच्या प्रश्नापर्यंत पोचला. दहा प्रकरणांचं पाठ्यपुस्तक पाठ करून तिथे पोचता येईलच असं नाही.

आता फोनवर फिरणाऱ्या ओळींबद्दल, कारण उताऱ्यांची बाजू घेतली की कोणीतरी म्हणणारच की ते तर रोज ग्रुपवर येतंच. नाही येत. ग्रुपवर येते ती ओळ, सुंदर फोटोवर छापलेली, खाली एक मोठं नाव, आणि ते नाव बऱ्याचदा चुकीचं. ओळीत वळायला जागाच नसते. ग्रीक इतिहासकार थुसिडायडीसची एक ओळ जगभर फिरते, बलवान जे करू शकतात ते करतात आणि दुबळ्यांना सोसावं लागतं. लोक ती त्याचं मत म्हणून सांगतात, राजकारणाचं कठोर सत्य म्हणून. खरं तर ती ओळ अथेन्सच्या दूतांच्या तोंडी आहे. इसवी सनापूर्वी ४१६, मेलोस नावाच्या छोट्या बेटाला ते धमकावतायत, बेटावरचे लोक न्यायाचं, देवांचं, आशेचं बोलतात आणि दूत प्रत्येक गोष्ट झटकून टाकतात. पुढे अथेन्सने बेट घेतलं, हाती लागलेले पुरुष मारले, बायका आणि मुलं गुलाम केली. आणि लेखक त्याच्या लगेच पुढे काय ठेवतो तर अथेन्सची सिसिलीवरची मोहीम, जिच्यात त्या बलवानांचं आरमार आणि सैन्य बुडालं. स्वतः काही टिप्पणी करत नाही, नुसतं एकापुढे एक ठेवतो. पाच-सहा पानांचा तो संवाद वाचणाऱ्याला ती ओळ कधीच पुन्हा शहाणपणाची वाटणार नाही, ती आंधळेपणाची वाटेल. तीच ओळ तोडून वापरणाऱ्याला मात्र हवं ते समर्थन मिळतं.

बाबराच्या आठवणींचं असंच होतं. हिंदुस्थानात चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, हमाम नाहीत ही तक्रार सगळीकडे उद्धृत होते, कोणी रागाने करतो कोणी गंमत म्हणून. त्याच्या पुढेच तो या देशाचा विस्तार, सोनंचांदी, पावसाळ्यातली हवा आणि इथले असंख्य कारागीर यांचं कौतुक करतो, आग्र्यात आपल्या बांधकामावर रोज ६८० माणसं राबतात असा आकडासुद्धा देतो, ते मात्र गळून जातं. वाचणाऱ्याने जिथे उतारा थांबतो तिथून आणखी एक पान पुढे जायची सवय लावली तर इतिहासावरून होणारी निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत असं माझं ठाम मत आहे. म्हणून म्हणतो, उताऱ्यावर टीका करणाऱ्यांची भीती खरी आहे पण त्यांनी बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय. संदर्भ तुटतो तो ओळीत. चांगल्या उताऱ्यात संदर्भाचा बराचसा भाग आतच असतो.

आणि हे काही आजच्या घाईच्या जगाने काढलेलं खूळ नाही. सातवाहन राजा हालाच्या नावाने असलेल्या गाथासप्तशतीत सुरुवातीलाच म्हटलंय की कोटीभर गाथांमधून या सातशे निवडल्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या गाथा, प्रत्येकीत एक अख्खा प्रसंग आणि त्याला एक वळण, म्हणजे कमी जागेतही वळता येतं पण त्याला तशी कवयित्री किंवा कवी लागतो. बंगालमधला बौद्ध पंडित विद्याकर, साधारण ११०० च्या सुमाराचा, त्याने आवडलेले सतराशेहून जास्त श्लोक सुभाषितरत्नकोशात जमवले. त्याची हस्तलिखितं तिबेट आणि नेपाळात मिळाली आणि दामोदर कोसंबी आणि वासुदेव गोखले यांनी ती संपादित करून १९५७ साली छापली. त्यातले कितीतरी कवी आज आपल्याला फक्त अशा संग्रहांमुळेच माहीत आहेत, बाकी त्यांचं सगळं गेलं. मराठीतलं सुरुवातीचं गद्य बघितलं तर म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेही लहान लहान लीळांचं, चक्रधरांना ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे जाऊन जाऊन जमवलेलं. कुठलीही लीळा उघडा, काही ओळींत माणसं उभी राहतात, बोलतात आणि प्रसंग संपतो. आणि ज्ञानेश्वरीबद्दल नामदेवांच्या नावाने जे सांगितलं जातं ते तर आपल्या ओठांवरच आहे, एक तरी ओवी अनुभवावी. नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाबद्दल हे म्हटलंय आणि त्यात ग्रंथाचा अपमान आहे असं कोणालाच कधी वाटलं नाही.

रोममध्ये थोरला प्लिनी उतारे काढल्याशिवाय काही वाचतच नसे, त्याच्या भाच्याने लिहून ठेवलंय की बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी भरलेल्या उताऱ्यांच्या १६० वह्या त्याने मागे ठेवल्या. आणि हा भाचा, धाकटा प्लिनी, त्याने तर कमाल केली. इसवी सन ७९ मध्ये वेसुवियस ज्वालामुखी पेटला तेव्हा तो सतरा वर्षांचा, जमीन हादरतेय, लोक घाबरलेत, आणि हा लिवीचा रोमचा इतिहास मागवून वाचत बसला आणि त्यातले उतारे उतरवून घेत राहिला. हे त्याने नंतर स्वतःच इतिहासकार टॅसिटसला पत्रात कळवलं, आणि आज तो स्फोट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं वर्णन म्हणून आपण वाचतो ती त्याचीच दोन पत्रं, थोडक्या पानांची.

ग्रीक दूत मेगॅस्थनीसचं भारतावरचं इंडिका तर हरवूनच गेलं. चंद्रगुप्ताच्या पाटलीपुत्राला लाकडी तट होता, ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते हे आपल्याला कळतं ते नंतरच्या ग्रीक लेखकांनी त्यातून घेतलं म्हणून. ग्रीक कवयित्री सॅफोच्या कवितांच्या वह्याच्या वह्या गेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत अशी जवळजवळ एकच कविता उरली, तीही एका साहित्यशिक्षकाने उदाहरण म्हणून पूर्ण उतरवली होती म्हणून. म्हणजे ज्याला आपण दुय्यम वाचन म्हणतो त्यानेच हे सगळं आपल्यापर्यंत आणलं.

विरोधातला सगळ्यात वजनदार आवाज रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मित्र लुसिलियसला लिहिलेल्या तेहतिसाव्या पत्रात तो म्हणतो की वेचक वचनं मागू नकोस, फुलं खुडत बसणं मोठ्या माणसाला शोभत नाही, थोरांचं लेखन सबंध वाचायचं असतं, आणि किती दिवस दुसऱ्याचं पाठ केलेलं म्हणणार, काहीतरी स्वतःचं बोल. मला यातला शब्द न् शब्द मान्य आहे. पण तो ज्याच्यावर रागावलाय ती सुटी वचनं आहेत, पाठ करून सभेत फेकायची. तोच सेनेका दुसऱ्या पत्रात सांगतो की खूप पुस्तकांतून भटकू नकोस, रोज बरंच काही वाच पण त्यातलं एक निवड आणि दिवसभरात ते पचव. मी ज्या वाचनाबद्दल बोलतोय ते याच्या फार जवळचं आहे.

काही ठिकाणी उतारा पुरत नाही हेही सरळ कबूल करायला हवं. कादंबरीतलं माणूस हळूहळू बदलत जाणं दोन पानांत येत नाही, तत्त्वज्ञाचा पायरी-पायरीने रचलेला युक्तिवाद मधून उचलता येत नाही, आणि एखाद्या ग्रंथावर जाहीरपणे मत द्यायचं असेल, तो चांगला की वाईट, त्याने समाजाचं भलं केलं की नुकसान, तर मात्र पूर्ण वाचल्याशिवाय बोलू नये. उताऱ्याने तुम्हाला आनंद घ्यायचा आणि प्रश्न विचारायचा हक्क मिळतो, निकाल द्यायचा नाही. पण लांब वाचायची सवय उताऱ्यांमुळे मोडते हे मला पटत नाही. सवय मोडते ती वरवर सरकवत जाण्याने. एकच पान तीनदा वाचणारा माणूस, मोठ्याने वाचून बघणारा, हे वाक्य इथे का आलं असं स्वतःला विचारणारा, तो जाड पुस्तकासाठी जास्त तयार होत असतो.

सगळ्यात जास्त बदल हवा तो शाळेत. तिथे उतारा आहेच, पण तो 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' या रूपात, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात उतारा म्हणजे पेपर हेच बसलंय. प्रश्न आधी वाचायचे, मग उताऱ्यात उत्तर शोधायचं, सापडलं की पुढे. म्हणजे जिथे थांबायचं तिथे मुलं पळायला शिकतात. हेक्टरच्या मुलाचा प्रसंग असा दिला आणि खाली विचारलं की मूल का घाबरले, एका वाक्यात उत्तर लिहा, तर तो प्रसंग तिथेच संपला. मला वाटतं रोज एका तासाची पहिली दहा मिनिटं शिक्षकांनी एक उतारा नुसता मोठ्याने वाचावा, आधी दोन-तीन वाक्यांत पत्ता सांगावा, वाचून झाल्यावर थोडं गप्प राहावं आणि मार्क, प्रश्न, वही काही नको. कोणाला बोलावंसं वाटलं तर बोलेल. पुस्तक वर्गात किंवा लायब्ररीत ठेवलेलं असावं म्हणजे ज्याला पुढचं पान हवंय त्याला ते हाताशी मिळेल. आणि निवड शिक्षकांच्या आवडीची असू दे, वरून आलेल्या यादीतली नको, कारण स्वतःला न आवडलेला उतारा कोणी चांगला वाचू शकत नाही हे मुलांना पहिल्या वाक्यातच कळतं.

निवडणाऱ्याची जबाबदारी यात मोठी आहे. उतारा काढणारा माणूस काय गाळतो यावर सगळं अवलंबून असतं, आणि म्हणून चांगल्या संकलनात कुठून घेतलं, कोणाचं भाषांतर, मधे काही वगळलंय का हे लिहिलेलं असायलाच हवं. जुनी मराठी असेल तर मूळ मजकूर आणि शेजारी आजच्या मराठीत अर्थ, दोन्ही. नुसता अर्थ दिला की पुन्हा समरीकडेच गाडी जाते आणि नुसतं मूळ दिलं की नवा वाचक दारातूनच परत फिरतो. एवढं नीट केलेली संकलनं मराठीत आणखी पुष्कळ हवीत, इतिहासाची तर विशेष हवीत. बखरी, ताम्रपट, पत्रव्यवहार, प्रवासवर्णनं, परकी लोकांनी इथल्याबद्दल लिहिलेलं आणि इथल्यांनी बाहेरच्यांबद्दल लिहिलेलं, हे सगळं आज जाड खंडांत अभ्यासकांसाठी आहे. त्यातली शंभर पानं जरी साध्या वाचकापर्यंत पत्त्यासकट आली तरी लोक ती वाचतील, अशी माझी खात्री आहे.